वन्संचं नाक

माझ्या नणंदेच्या नाकावर माशी बसत नाही. आणि बसू पाहणारी माशी त्यांच्या खोलीत जिवंतच राहत नसे, हे मला फार उशिरा कळलं.

वन्सं रफू करतात. कोट, शाली, स्वेटर. कसरीने लोकरीला पाडलेलं भोक त्या असं बुजवतात की मालकालाही ते पुन्हा सापडत नाही. बाजारामागच्या गल्लीत, जिन्याखाली त्यांची कामाची खोली. तिला एकच खिडकी, तीही कायम बंद, कारण कसरीची पाखरं बाहेरून येतात ही त्यांची ठाम समजूत. खुंट्यांवर गिऱ्हाइकांचे कोट, आणि सुयांच्या डबीशेजारी कसर मारायच्या फवाऱ्याचा डबा. सकाळी एकदा फवारायचं, जेवणानंतर एकदा. मधूनमधून प्रत्येक कोटाच्या बगलेत नाक खुपसून हुंगायचं. वास आला तर औषध आहे. नाही आला तर उतरलं, मार पुन्हा!

मी पोटासाठी लोकांचं रक्त काढते. (घरच्यांचं पिते, असं नवरा म्हणतो.) तपासणीच्या दुकानात माझी वीस वर्षं गेली. वन्संना चार पायऱ्या चढून धाप लागायला लागली, तेव्हा त्यांचंही रक्त मीच काढलं. हिमोग्लोबिन आठ. दोन महिने लोहाच्या गोळ्या झाल्या, तरी आठच. मग दंडावर उगाचच निळे डाग दिसू लागले, आणि पुढच्या तपासणीत पांढऱ्या पेशी नि प्लेटलेटही उतरलेल्या निघाल्या. तो कागद यंत्रातून बाहेर आला तशी मी वन्संना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात रंगकाम? एखादं रसायन, फवारा?"

"छे हो," वन्सं म्हणाल्या. "मी सुईदोऱ्याची बाई."

शेजारी उभी राहून मीही मान डोलावली. आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं. तो डबा मी वर्षानुवर्षं बघत होते. रोज बघतो ते दिसत नाही, दुसरं काय?

"तीन आठवड्यांनी पुन्हा बघू," बाई म्हणाल्या. "तसंच राहिलं तर हाडातला मगज काढून तपासावा लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी वन्संना गोळ्या द्यायला गेले. दार उघडताच डोळे चुरचुरले, लागोपाठ चार शिंका आल्या.

"वन्सं, काय हा वास!"

"कसला? उलट वासच नाही. दुकानदार मेला पाणी भरून विकतो. आता तीनतीनदा मारावं लागतं."

मी वाद घालायला बसले. आमच्याकडे वाद लवकर संपत नाही. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की डोळे अजून चुरचुरताहेत, पण वास मात्र येत नाही. वास गेला नव्हता. माझं नाक गेलं होतं. माझं अर्ध्या तासात. मग वन्संचं कधीचं गेलं असेल?

तशीच उठून डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हेच कारण, असं आज छातीठोक सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "पण अशा फवाऱ्यांनी काहींच्या रक्तावर परिणाम होऊ शकतो. बंद खोलीत दिवसभर तो हुंगणं कुणाच्याच भल्याचं नाही. आधी त्यांना तिथून हलवा."

हलवा म्हणे! डोंगर हलवणं सोपं.

"वन्सं," मी म्हटलं, "तुमचा तुमच्या नाकावर भरवसा आहे ना? मग दहा दिवस माझ्याकडे राहा. अकराव्या दिवशी खोलीत जाऊन हुंगा. वास नाही आला, तर जन्मात तुम्हाला उलटून बोलणार नाही."

"जन्मात?"

"जन्मात."

मोह पडला बिचारीला. संध्याकाळी पिशवी घेऊन हजर.

त्या दहा दिवसांत माझी भांडी चुकीच्या फळीवर आहेत, माझा नवरा म्हणजे त्यांचा भाऊ वाळलाय, आणि मी सुई हातोड्यासारखी धरते, हे मला कळलं. सगळं गिळलं. अकराव्या दिवशी मीच कुलूप काढलं. वन्सं ऐटीत पुढे झाल्या, आणि उंबऱ्यातच थबकल्या. पदर नाकाला.

"अगं बाई! इथं माणूस बसेल कसं?"

"तुम्ही बसत होतात."

त्या जिन्याच्या पायरीवर टेकल्या. तिथून खुंट्यांवरच्या कोटांकडे बघत राहिल्या.

"आणि मी गिऱ्हाइकांना सांगायची," त्या हळूच म्हणाल्या, "अंगावर घालून बघा, अगदी जपून ठेवलाय." मग एकदम उठल्या. "बघतेस काय? उघड ती खिडकी!"

खिडकी गच्च बसली होती. मी कात्रीकडे हात नेला.

"खबरदार! कात्रीला हात नाही लावायचा. कापडाची आहे ती."

शेवटी वरवंट्याने ठोकून उघडली. फवाऱ्याचे होते नव्हते ते डबे मी बाहेर काढले. कोट आठवडाभर दोरीवर वाऱ्याला राहिले, आणि तोवर वन्सं माझ्याकडेच राहिल्या. माझी भांडीही जागा बदलून मोकळी झाली.

तीन आठवडे भरले. "हळू टोच, मी कापड नाही," म्हणत त्यांनी हात पुढे केला. यंत्र चालू असताना मी पाठ फिरवून उभी राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदाच. मग वळून बघितलं. हिमोग्लोबिन साडेनऊ. प्लेटलेट सत्तर हजारांवरून एक लाख दहा. पांढऱ्या पेशीही वर.

"चढतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मगजाचं सध्या राहू द्या. पण दर महिन्याला रक्त दाखवायचं. आणि फवारा नाही म्हणजे नाही."

आता खोलीची खिडकी उघडी असते. कोट उन्हात झटकतात, ब्रशने शिवणी साफ करतात, मग घट्ट झाकणाच्या पेटीत. काल मी गेले तेव्हा एका बाहीतून एक पाखरू उडालं. वन्संनी टाळी वाजवून ते टिपलं.

"एक," त्या म्हणाल्या. "तुझ्या पेशी तू मोज, माझी पाखरं मी मोजते."

मग जुन्या सवयीने त्यांनी कोटाच्या बगलेत नाक खुपसलं, आणि तसंच ठेवलं.

"काय झालं?" मी दचकून विचारलं.

"लोकरीचा वास येतोय गं," वन्सं आतूनच म्हणाल्या. "विसरलेच होते मी."