शेवटच्या नंबराची शर्यत

तळ्यावरचा शिडाच्या होड्यांचा क्लब निघाला तेव्हा होडी सगळ्यांनाच हवी होती, सचिवपद मात्र कोणालाच नको होतं. पत्रं लिहा, वर्गणीसाठी दारोदार फिरा, संडासाच्या किल्ल्या सांभाळा, सांगितलंय कोणी? शेवटी अध्यक्षांनी, म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी, फर्मान काढलं: वार्षिक शर्यतीत जो शेवटी येईल, तो वर्षभर सचिव. तेव्हापासून लोक जीव तोडून होड्या हाकू लागले आणि क्लबचं नाव झालं.

शिंपीबुवा मात्र दरसाल शेवटी. आधी वाऱ्याशी जमत नव्हतं म्हणून, नंतर गोडी लागली म्हणून. दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांची बोलणी खायची. इथे सगळे 'सचिवसाहेब' म्हणायचे. घरी जाऊन "काय करणार, पुन्हा गळ्यात पडलं," म्हणत तोंड पाडायचं.

यंदा क्लबची नवी इमारत झाली. सचिवाला वेगळी खोली, फिरती खुर्ची. आणि दरवर्षी पहिला येणाऱ्या शिंपीबुवांच्या मेहुण्याला, बायकोच्या धाकट्या भावाला, एकाएकी होडी चालवता येईनाशी झाली.

बाकीचे पोचून, कपडे बदलून चहाला बसले, तरी हे दोघे शेवटच्या रेषेअलीकडे शिडं सैल सोडून डुलत होते.

"दाजी, व्हा पुढे. वयाचा मान."

"छे छे, तू आधी. तू लाडका."

"वारा तुमच्या बाजूने आहे."

"माझं शीड उसवलंय रे."

"शिंप्याचं?"

शिंपीबुवांनी शीड आणखी सैल सोडलं. ही खुर्ची गेली तर उरलं काय? काजं आणि बटणं.

शिंपीबुवांची बायको धक्क्यावर उभी होती. पत्रं तीच लिहायची, वर्गणी तीच आणायची, स्वतःची वर्गणीसुद्धा स्वतःकडून वसूल करायची. सही तेवढी साहेबांची.

"येताय का दोघे?"

"आधी समोरच्याला जाऊ दे!" दोघे एकदम ओरडले.

ती डॉक्टरांकडे वळली. "शर्यत संपली का हो?"

"हे आल्याशिवाय कशी संपेल?"

"मग माझं नाव घाला."

तिने एक रिकामी होडी ढकलली, शेजारचीच सुरुवातीची रेषा ओलांडली, नांगर टाकला आणि पिशवीतून विणकाम काढलं.

"अगं, हे काय?"

"शर्यत. तुम्ही व्हा पुढे. माझी अजून स्वेटरची पाठ व्हायचीय, मग बाह्या."

"दाजी, सोडा," मेहुणा म्हणाला. "ताईपुढे आमच्या बापाचंही कधी चाललं नाही."

शिंपीबुवांनी आयुष्यात पहिल्यांदाच शीड गच्च ताणलं. निदान मेहुण्याच्या आधी तरी पोचावं म्हणून.