एकूण काम करणारी माणसं

"मास्तर आहेत?"

दारातून आवाज आला तेव्हा कमलाक्षी बारावीच्या वह्या तपासत होती. तिने मान वर केली नाही.

"नाहीत."

"मग कधी येतील?"

आता तिने पाहिलं. गळ्यात सरकारी ओळखपत्र, काखेत टॅबलेट, केसांवर रस्त्याची तांबडी धूळ. प्रज्योत. जूनमध्ये येऊन गेलेला पाहणीवाला. लहान खाजगी धंद्यांची माहिती सरकार गोळा करतं. या खेपेच्या यादीत शिकवण्या आणि प्रशिक्षण देणारेही होते आणि त्यात डिचोलीच्या बाजारामागचा 'कृष्णनाथ क्लास' निघाला होता. दर तीन महिन्यांनी येऊन तेच प्रश्न विचारायचे, एवढंच याचं काम.

"सप्टेंबरात आला होतास?" तिने विचारलं.

"आलो मरे! तुम्ही नव्हता बाय. मास्तरांशीच बोललो. चहासुद्धा दिला त्यांनी."

"तारीख?"

त्याने टॅबलेटवर बोट फिरवलं. "एकोणीस."

"कसे होते?"

"एकदम फर्स्ट क्लास."

"बाबा चार सप्टेंबरला गेले," कमलाक्षी म्हणाली. "चवथीनंतर आठव्या दिवशी. एकोणीसला ते तुला चहा देत होते, तर तेराव्याचं जेवण आम्ही उगाच घातलं म्हणायचं."

प्रज्योत बाकावर बसला. बस म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

वडील गेल्यापासून माणसं येत, बसत, 'सोनं होतं मास्तर' म्हणत आणि उठून जात. कमलाक्षी त्यांना पाणी देई. खाणी जोरात होत्या तेव्हा कृष्णनाथ मास्तरांनी टायपिंग शिकवलं; कंपन्यांच्या कचेऱ्यांत त्यांची पोरं चिकटली. खाणी बंद पडल्या, ट्रक दारात उभे राहून गंजले आणि टायपिंगला कुत्रं विचारीना. तेव्हा आतल्या खोलीत अकरावी-बारावीचं अकाउंट्स सुरू केलं ते कमलाक्षीने. क्लास तिने तगवला. तेरा वर्षं शिकवलं. पण फलकावर नाव वडिलांचं, दाखल्यांवर सही वडिलांची. तिच्या तेरा वर्षांचा कुठेही कागद नव्हता.

जूनमध्ये ह्याच पोराने बाहेरच्या खोलीत विचारलेलं तिने ऐकलं होतं, "इथं एकूण किती माणसं काम करतात?" वडिलांचं उत्तर मात्र पोरांच्या गलक्यात बुडालं. मग विचारीन म्हणता म्हणता राहिलं. एवढी एकच गोष्ट तिला हवी होती: बाबांनी आपल्याला मोजलं की नाही.

"बाय, मी काय मजेसाठी केलं?" प्रज्योत घाईने बोलू लागला. "चोपड्याहून निघतो, पेडणं करतो, मग डिचोली. पेट्रोल पदरचं. मोप्याला विमानतळ झाल्यापासून हवाई नोकरीच्या अकॅडम्या फुटल्यात ना, त्या काचेच्या दारातूनच हाकलतात. म्हणतात, आमचं ऑफिस मुंबईत, तिथे जा. मास्तरांचे आकडे माझ्याकडे होते…"

"म्हणून घरी बसून भरलेस."

"थोडे बदलले."

"वा! मेहनत घेतलीस."

"तक्रार करू नका बाय. कंत्राटी माणूस मी. एका ओळीत काढून टाकतील."

"जूनचा फॉर्म दाखव."

"तो दाखवता येत नाय. दिलेली माहिती गुप्त राहते. नियम आहे."

"मेलेल्या माणसाच्या तोंडी उत्तरं घालताना नियम कुठे निजला होता?"

त्याने एकदा दाराकडे पाहिलं. मग त्याने टॅबलेट तिच्याकडे वळवला. पण हातातून सोडला नाही.

जून. विद्यार्थी सेहेचाळीस. एकूण काम करणारी माणसं: एक. त्यांपैकी स्त्रिया: शून्य.

कमलाक्षीने ते शून्य दोनदा वाचलं. हिशेब शिकवणारी बाई ती. शून्य तिला नवं नव्हतं.

"सप्टेंबरचा."

"तो कशाला आता?"

"दाखव."

विद्यार्थी चव्वेचाळीस. एकूण काम करणारी माणसं: दोन. त्यांपैकी स्त्रिया: एक. घरची, बिनपगारी.

"इथे दोन कसे?"

"जूनमध्ये आलो तेव्हा तुम्ही आत शिकवत होता ना! मी दारातून बघितलं. बाहेर मास्तरांपुढे सहा पोरं, आत तुमच्यापुढे खचाखच. त्या दिवशी मी मास्तरांना सरळ विचारलं, आत शिकवतात त्या? तर त्यांचं डोकंच फिरलं."

"काय म्हणाले?"

"जाऊ दे बाय. गेलेला माणूस."

"गेलेल्या माणसाकडून तू चहा प्यालास. बोल."

प्रज्योतने खाली पाहिलं. "म्हणाले, ती माझी मुलगी. तिला कामाला ठेवलेल्यांत लिहितोस? उद्या गाव म्हणेल, कृष्णनाथ मुलीच्या जिवावर जेवतो. लिही एक. मी सांगितलं, घरच्यांसाठी वेगळा रकाना आहे. तर म्हणाले, रकाना घाल चुलीत. लिहिलं एक. सप्टेंबरात दटावायला कुणी नव्हतं, म्हणून डोळ्यांनी बघितलेलं घातलं."

बाबांनी हे कसं म्हटलं असेल ते तिला ऐकू आलं. आवाज चढवून नव्हे; चष्मा काढून, काचा पुसत. वर त्यात माया होती असंच ते धरून चालले असतील. सेहेचाळीस पोरांपैकी चाळीस जणांना ती शिकवत होती, हे त्यांना बोटांवर मोजता येत होतं आणि म्हणूनच ते कुणाला मोजू देत नव्हते. तिला रडू आलं नाही. राग आला, आणि तो झेलायला समोर बाबा नव्हते. हा होता.

प्रज्योतला काय सुचलं कोण जाणे, त्याचा सूर बदलला. "बघा बाय. तक्रार गेली की सप्टेंबरचा फॉर्म रद्द. मग मास्तरांचा एकच उरणार. म्हणजे तुम्ही पण पुसल्या जाणार. सरकारदरबारी तुमची नोंद केली ती मीच. फायदा कुणाचा, विचार करा."

"मला विकत घेतोस?"

"समजावतोय."

"माझी नोंद करायची होती तर मला येऊन विचारायचं. मी चार पावलांवर होते. बाबांनी मला विचारलं नाही, तूही नाही. त्यांनी एक सांगितलं, तू दोन केलेस. दोघांनाही माझी गरज पडली नाही."

"बापायच्या वरताण आहात तुम्ही," तो पुटपुटला.

"ऊठ. चारची बॅच येते."

"आणि डिसेंबरचा फॉर्म?"

"जो प्रत्यक्ष येईल त्याला मी सांगेन. तुला नाही."

तो गेला. दुचाकीला त्याने तीन किका मारल्या, चौथीला ती सुरू झाली. पोरं आली, बाकांवर दाटीवाटीने बसली. कमलाक्षीने फळ्यावर भागीदारीचं गणित घातलं, अर्धा तास दिला आणि कोरा कागद ओढला. पणजीच्या कार्यालयाचा पत्ता लिहिला. प्रज्योतचं नाव लिहिताना पेन थांबलं, कंत्राटी माणूस. तिने ते पूर्ण लिहिलं, आडनावासकट. खाली मजकूर:

'एकोणीस सप्टेंबरच्या फॉर्ममध्ये माझ्या वडिलांनी उत्तरं दिल्याचं दाखवलं आहे. ते चार सप्टेंबरला वारले. फॉर्म खोटा आहे, रद्द करावा. जूनचा फॉर्म त्यांनी स्वतः सांगितलेला आहे. तोही चुकीचा आहे. खोट्या फॉर्ममधला काम करणाऱ्या माणसांचा दोन हा आकडा तेवढा जूनसाठी बरोबर आहे.'

तिने सही केली आणि गणित कुणाचं झालं ते विचारलं.