भामरे साहेबांचा डबा

धुळ्याबाहेरच्या आमच्या गिरणीत दोन मोठे जनरेटर जोडीने चालायचे. अशा वेळी एकाचाच न्यूट्रल, म्हणजे मधली तार, करंट रोखणाऱ्या रेझिस्टरच्या पेटीतून जमिनीला जोडायचा आणि दुसऱ्याचा स्विच उघडा, म्हणजे बंद ठेवायचा. दोन्ही जोडले, तर त्यांच्यात फुकटचा करंट फिरतो आणि रेझिस्टरच्या पेट्या तापतात. आमचे चीफ इंजिनियर भामरे यांना नेमकं तेच हवं असायचं, कारण पेटीवर त्यांचा जेवणाचा डबा गरम व्हायचा. जनरेटर चालवणारा मी हरकत घेतली की म्हणायचे, "वाल्मीक, मला शिकवू नकोस."

शेवटी सतत तापून एक रेझिस्टर तुटला, पाठोपाठ जनरेटर जळाला आणि या माणसाने माझं नाव पुढे केलं. दुरुस्ती झाल्यावर पेट्या पुन्हा तापू लागल्या.

मग विम्याचे सर्व्हेअर चौकशीला आले. भामरे छातीठोकपणे म्हणाले, "दोन्ही स्विच आम्ही कधीच एकत्र लावत नाही. त्या दिवशी या वाल्मीकनेच लावले."

पण सर्व्हेअर येणार म्हणून आज सकाळीच मी दुसरा स्विच बंद करून ठेवला होता.

जेवणाच्या सुट्टीत भामऱ्यांनी सर्व्हेअरांसमोरच पेटीवरचा डबा उघडला आणि सवयीने भडकले, "शेवभाजी गारढोण! पेटी थंड कुणी केली रे? रोज तर चटका बसतो!"

सर्व्हेअरांनी पेटीवर हात ठेवला. "रोज?"

भामऱ्यांनी डबा हळूच बाजूला सरकवला.

"साहेब, तुम्हाला आता जेवण जायचं नाही," मी म्हटलं आणि त्यांची शेवभाजी माझ्या भाकरीकडे ओढली.