फ्रेममध्ये अडकलेली भुलाबाई

जरा डोळे मिटा बघू. मिटलेत? आता असं समजा, की तुमच्या हातात तापलेली इस्त्री आहे आणि समोर टेबलावर एक जुनं सुती लुगडं. त्याच्या पदरावर हळदीचा डाग आहे. तुम्हांला लुगड्याच्या सगळ्या चुण्या मोडायच्या आहेत, पण डाव्या खांद्यावर येणारी चुणी तेवढी राखायची आहे. डाग जाता कामा नये, त्याच्याशेजारी दुसरा पडताही कामा नये. आणि हे सगळं झटपट करायचं, कारण बाहेरून कोणीतरी ओरडून राहिलंय, "कॉस्च्युम! साडी कुठंय?"

आता उघडा डोळे. एवढ्यात कंटाळलात ना? वृषाली गेला आठवडाभर तेच लुगडं तसंच इस्त्री करत होती.

वृषाली सौंसरची. सिनेमाच्या कपडेपटात कामाला होती. सिनेमात एकच प्रसंग तुकड्यातुकड्यांनी, वेगवेगळ्या दिवशी टिपतात, आणि पडद्यावर मात्र तो एका दमात घडल्यासारखा दिसायला हवा. म्हणून सोमवारी पदरावर असलेला डाग शुक्रवारीही त्याच जागी लागतो. ज्या वस्तूवर एकदा कॅमेरा फिरला, ती वस्तू प्रसंग पुरा होईपर्यंत कोणी हलवायची नाही, धुवायची नाही, घरी न्यायची नाही. सेटवरच्या माणसांच्या हा नियम इतका अंगवळणी पडलेला असतो, की त्यापायी कोणाचं काही अडेल, असं त्यांच्या मनातही येत नाही.

वृषालीचं अडलं होतं.

शूटिंग चाललं होतं पांढुर्ण्याबाहेर, तिगावच्या बाजूला, संत्र्याच्या बागेतल्या एका घरात. त्या घराच्या मधल्या खोलीत एक कोनाडा होता, आणि कोनाड्यात हिरव्या लुगड्याची मातीची भुलाबाई बसली होती. ती वृषालीच्या मुलीची, धनश्रीची होती. आपल्याकडे भादव्याच्या पुनवेला भुलाबाई-भुलोजीची जोडी बसते, हे काय तुम्हांला सांगायला हवं? महिनाभर रोज संध्याकाळी पोरी गाणी म्हणतात, मग डबा कानाशी हलवून आतला खाऊ ओळखायला लावतात, आणि कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवाखाली शेवटची गाणी होऊन जोडीची बोळवण होते. तर ती कोजागिरी आज होती. भुलोजी सौंसरला, आणि भुलाबाई इथं, कॅमेऱ्यासमोर.

झालं होतं असं. मागच्या आठवड्यात वृषाली एका संध्याकाळपुरती घरी गेली होती. भुलाबाईच्या नाकाचा टवका उडाला होता. "माझ्याजवळ रंग आहेत. रंगवते आन् लगेच आणून देते," असं धनश्रीला सांगून तिनं भुलाबाई पिशवीत घालून आणली. नाक बुजवलं, डोळे नव्यानं कोरले, गालांवर जरा लाली दिली आणि वाळायला खिडकीत ठेवली. तिथून जाता जाता दिग्दर्शक ऋषिकेश थबकला.

"ताई, काय गोड चेहरा आहे हिचा! एका शॉटला ठेवू का कोनाड्यात?"

बटण कुठंय आणि नाडी कुठंय, याखेरीज सेटवर वृषालीला कधी कोणी काही विचारलं नव्हतं. आणि चेहरा तर तिनंच रंगवला होता.

"ठेवा ना सर," ती म्हणाली, आणि हसलीसुद्धा.

एवढीच तिची चूक. त्या एका शॉटचा मोठा प्रसंग झाला, आणि प्रसंग काही संपेना. एक दिवस ढग आले. एक दिवस आजीचं काम करणाऱ्या गायत्रीबाईंचा घसा बसला. आणि रोजचं दुखणं म्हणजे मालगाड्या. गायत्रीबाई दारात बसून मुलाची वाट पाहताहेत, सगळीकडे चिडीचूप, त्यांच्या डोळ्यांत आता पाणी येणार, एवढ्यात तिगावकडून भोंगा वाजायचा आणि डब्यांची ती न संपणारी रांग खडाखडा जाऊ लागायची. आवाज टिपणारा माणूस कानांवरचे हेडफोन काढून नुसता आभाळाकडे बघायचा.

रात्री फोनवर धनश्रीची तक्रार असायची.

"आई, गल्लीतल्या पोरी हसून राहिल्या. म्हणतात, तुमच्या भुलोजीची बायको पळून गेली."

"उद्या आणते, बेटा. उद्या नक्की."

मग वृषाली म्हणायची, "बरं, कपाट दाखव."

हे कपाट म्हणजे वृषालीचा विसावा. उजाडायच्या आधी गाडीत बसायचं, अंधार पडल्यावर उतरायचं, जेवायचं ते उभ्यानं, आणि झोप लागलीच तर कपड्यांच्या गाठोड्यावर. असल्या दिवसांत तिनं स्वतःसाठी राखलेली गोष्ट ही एवढीच होती. जिथं शूटिंग असेल तिथल्या बाजारात एक चक्कर मारायची आणि एक बाहुली घ्यायची. सौंसरच्या घरी काचेच्या कपाटात त्या ओळीनं उभ्या होत्या. जयपूरवाली, म्हैसूरवाली, सावंतवाडीवाली. धनश्रीचे बाबा ती लहान असतानाच गेले, तेव्हापासून ती आजीजवळ वाढत होती, आणि या बाहुल्याही तिच्याबरोबरच आजीच्या घरात वाढल्या होत्या. रात्री धनश्री फोन कपाटाकडे वळवून धरायची आणि वृषाली एकेक चेहरा बघत झोपी जायची. काचेत फोन धरलेला एक लहानसा हात तेवढा दिसायचा.

"ताई," आज सकाळी कंटिन्युइटी, म्हणजे कालचं आज जुळतंय ना ते बघणारी स्नेहा मोबाइलमधला फोटो पुढं करत म्हणाली, "काल डाग बोटभर वर होता."

"डाग तिथंच आहे, स्नेहा. गायत्रीबाईंनी पदर खाली घेतला."

"मग पदर वर घ्यायला सांगा ना."

वृषालीनं पिन तोंडात धरली, जाऊन पदर वर घेतला आणि परत आली. जाता-येता कोनाड्याकडे बघायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. तरी तिनं बघितलंच. भुलाबाई आपली समोर बघत बसली होती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिनं ऋषिकेशला गाठलं.

"सर, आज भुलाबाई मोकळी होईल ना? घरी न्यायची आहे."

"होणार ना. पाचच्या आत उरकू," तो घास घेत म्हणाला. "गाड्यांनी साथ दिली पाहिजे, बस."

गाड्यांनी साथ दिली नाही. उन्हं कलली तेव्हा एक शॉट कसाबसा झाला होता, आणि वृषाली टेबलाशी उभी राहून, मुळीच इस्त्री नको असलेल्या रुमालावर इस्त्री घासत होती. फाटकाशी ओळखीचा आवाज आला म्हणून तिनं वर पाहिलं. तिची आई, चंद्रकला, पदरानं घाम पुसत येत होती. तिच्या मागं धनश्री, छातीशी स्टीलचा एक डबा धरून.

"फोन कायले उचलत नाहीस वो? सकाळपासून लावून राहिली मी."

"सेटवर बंद ठेवावा लागते, आई. तुम्ही कशा आल्या?"

"बसनं. हे पोट्टी काही ऐकते का? चाल म्हणे पांढुर्ण्याले, चाल म्हणे पांढुर्ण्याले. शाळेतून आली तशी दप्तर टाकून उभीच."

"भुलाबाईसाठी?"

"मंग कोणासाठी?" चंद्रकला खुर्चीवर टेकली. "तिकडं मांडव बांधून ठेवला धांड्याचा. पोरी सात वाजता येतात. शेवटच्या बसच्या आधीची बस भेटली पाह्यजे, बाप्पा."

धनश्री टांगलेले कपडे बघत होती, इस्त्री बघत होती, आईच्या गळ्यात लोंबणारी मोजपट्टी बघत होती. वृषालीनं तिच्या केसांवरून हात फिरवला आणि घाईघाईनं ट्रंकेतून एक कापडी बाहुली काढली. शेंदरी पोलकं, नाकात मण्याची नथ. पांढुर्ण्याच्या बाजारात घेतलेली.

"ही बघ. हिला काय म्हणायचं? पांढुर्णावाली?"

धनश्रीनं बाहुली उलटीपालटी करून पाहिली.

"कोजागिरीवाली," ती म्हणाली.

"तिचे नावं वेगळेच असतात," चंद्रकला पाणी पिता पिता हसली. "तुझी जयपूरवाली हाये ना, तिले हे वाढदिवसवाली म्हणते. ते लाकडाची गॅदरिंगवाली. आन् म्हैसूरची ते तापवाली. हिले ताप आला होता ना तवा, तू तिकडंच होती ना."

वृषालीनं बाहुली परत हातात घेतली. तिच्या पोलक्याची कड दुमडली होती, ती तिनं सरळ केली. सरळ झालेली कड परत एकदा सरळ केली.

"कॉस्च्युम!"

ती धावली. आत गायत्रीबाईंच्या मानेवर पाण्याचा फवारा मारून कालचा घाम आज आणायचा होता. तो आणला. दिवे लागले. सगळं थांबलं. गायत्रीबाईंनी दाराकडे पाहिलं, त्यांचे ओठ थरथरले, आणि तिगावकडून भोंगा वाजला.

"कट!" ऋषिकेशनं कपाळाला हात लावला. "गाडी जाऊ द्या. परत घेऊ."

गाडी जाईना. डब्यामागून डबे, डब्यामागून डबे. वृषाली भिंतीला टेकून उभी होती. खिडकीतून तिला फाटकाशी उभी असलेली आई दिसत होती. ती रस्त्याकडे बघत होती, मग सूर्याकडे, मग परत रस्त्याकडे. हातातली फवाऱ्याची बाटली वृषालीनं खाली ठेवली, आणि आठ वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं. ती सरळ दिव्यांच्या उजेडात जाऊन उभी राहिली.

"सर, आज कोजागिरी आहे."

"माहीत आहे की, ताई. सगळ्या युनिटला दूध सांगितलंय आपण. केशर घालून."

"दुधाचं नाही म्हणून राहिले मी!" तिचा आवाज चढला, आणि चढता चढता सौंसरला जाऊन पोचला. "माझ्या पोरीची भुलाबाई हाये ते. आज तिची बोळवण. उद्या नेऊन काय करू मी तिचं, कपाटात ठेवू?"

"ताई, पण ती फ्रेममध्ये आहे..."

"मंग फ्रेम फिरवा ना! आठ दिवस झाले, तुमचा डाग मी बोटभर वर नाही आन् बोटभर खाली नाही, असा सांभाळून राहिली. माह्यासाठी तुम्ही एकदा कॅमेरा नाही फिरवू शकत?"

गाडी संपली होती, पण "रेडी" म्हणायचं कोणाला सुचलं नाही. गायत्रीबाई पदरावरचा डाग चिमटीत धरून बसल्या होत्या.

ऋषिकेशनं कॅमेरामनकडे पाहिलं. कॅमेरामननं खांदे उडवले.

"खिडकीच्या बाजूनं घेता येईल," तो म्हणाला. "उजेड बराच आहे तिकडे. कोनाडा येत नाही."

इतकं सोपं होतं ते. ऋषिकेशनं स्वतः जाऊन भुलाबाई उचलली, फुंकर मारून तिच्यावरची धूळ उडवली आणि वृषालीच्या हातात दिली.

"सॉरी, ताई. तुम्ही आधीच सांगायचं होतंत."

सांगितलं होतं, असं तिच्या ओठांवर आलं होतं.

"पण तुम्ही थांबा हं," तो पुढं म्हणाला. "अजून तीन शॉट आहेत, आणि साडी बदलायचीय."

"मी आहे ना, सर. मी कुठं जाते?"

भुलाबाईला दोन्ही हातांनी उराशी धरून वृषाली बाहेर आली ती जवळजवळ पळतच. सगळ्या आठवड्यात पहिल्यांदा तिच्या मनासारखं झालं होतं. इस्त्रीच्या टेबलापाशी ती धनश्रीसमोर उकिडवी बसली.

"घे. आणली का नाही तुझ्या आईनं? बघ, नाक कसं झालं!"

धनश्रीनं डबा आजीजवळ दिला आणि भुलाबाई घेतली. नाकावरून बोट फिरवलं. डोळ्यांवरून फिरवलं.

"मस्त झालं," ती म्हणाली. पण हसली नाही.

"आता निघा पटापट. बस चुकायची. मी फोन करते रात्री. मांडव दाखवशील मला, आं? आणि कपाट."

चंद्रकलानं पिशवी उचलली. "चाल वो माय."

धनश्री चालली नाही. आता तुम्हीच सांगा, तिच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? जिच्यापायी गल्लीतल्या पोरींची बोलणी खाल्ली, ती भुलाबाई हातात, बाहेर बसची वेळ झालेली, आणि घरी मांडव वाट बघतोय.

धनश्री टेबलापाशी गेली. टाचा उंच करून तिनं रुमालांची चळत बाजूला सारली आणि इस्त्रीशेजारी भुलाबाई नीट बसवली. मग ती आईकडे वळली.

"मान खाली कर."

पापा घेते आहे, असं समजून वृषालीनं मान खाली केली. धनश्रीनं तिच्या गळ्यातली मोजपट्टी काढून घेतली आणि भुलाबाईच्या गळ्यात घातली. पट्टी फार लांब होत होती, म्हणून तिला दोन वेढे दिले.

"धनू, हे काय?"

धनश्रीनं आजीजवळचा डबा घेतला, आईच्या कानाशी नेला आणि हलवला. आत काहीतरी खुळखुळलं.

"ओळख," ती म्हणाली.

"कॉस्च्युम!" आतून हाक आली. "कॉस्च्युम, कुठंय?"

धनश्रीनं एका हातानं भुलाबाईचं तोंड हाकेच्या दिशेनं वळवलं, आणि दुसऱ्या हातानं डबा आईच्या कानाशी पुन्हा हलवला.