भरपगारी रजा

कोकिळा थूल प्रभाकररावांच्या कचेरीत टायपिस्ट म्हणून लागली, त्या दिवशी ते तिला म्हणाले होते, "हे ऑफिस समजू नका, हे कुटुंब आहे."

आठ वर्षांत तिला या वाक्याचा अर्थ नीट कळला. कुटुंबात नेमणुकीचं पत्र देत नाहीत. कुटुंबात रजा नसते. एखादा दिवस आलं नाही की त्या दिवसाचा पगार कापला जातो. कुटुंबात रविवारीही हाक आली की यावं लागतं. आणि चहा करायचा तो घरातल्या बाईमाणसानंच.

कचेरी वर्ध्याला रामनगरात, एका किराणा दुकानाच्या वरच्या मजल्यावर होती. प्रभाकरराव पुण्याला शिकून आलेले. कारखानदारांना, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनिंगवाल्यांना सल्ला द्यायचा त्यांचा धंदा. कर्जासाठी अहवाल करायचे, कोणतं यंत्र घ्यावं ते सांगायचं, कामगार का कुरकुरतात ते शोधून काढायचं. हाताखाली माणसं चार. अण्णाजी हिशेब आणि हजेरीपट बघत, रूपराव गावोगाव फिरून पाहणी करी, भैयाजी नकाशे काढी आणि कोकिळा ते सगळं मराठी टाइपरायटरवर बडवून काढी. ती रोज सेलूहून एस.टी.नं यायची.

कचेरीत संडास नव्हता. पुरुषांचं काही अडत नसे. मागच्या बोळात भिंतीकडे तोंड केलं की झालं. कोकिळा समोरच्या जिजाबाईंच्या घरी जायची. जिजाबाई स्वभावानं चांगल्या होत्या, पण गेल्या गेल्या मागच्या अंगणाकडे कसं वळायचं? दोन मिनिटं बसा, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करा, मग हळूच उठा. तेवढ्यात वरून प्रभाकररावांची हाक यायची. आणि जिजाबाई लेकीकडे केळझरला गेल्या की दाराला कुलूप. त्या दिवशी कोकिळा सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे. वर्ध्याचं ऊन, वर पत्र्याचं छप्पर, आणि ती कोरड्या तोंडानं बोटं चालवत बसलेली.

त्र्याऐंशीच्या हिवाळ्यात हिंगणघाटच्या एका जिनिंगचं काम आलं. तिथल्या मजुरांना पगार, सोयी आणि कामाच्या वातावरणाबद्दल काय वाटतं, ते विचारून अहवाल द्यायचा होता. बाया रूपरावशी मोकळं बोलेनात, म्हणून कोकिळेला पाठवलं. सरकीच्या ढिगाशेजारी भागीरथा नावाच्या एका पोक्त बाईनं तिच्या हातातला कागद बघितला नि म्हणाली, "पगाराचं मागाहून लिहिजो बाई. पहिले आडोशाचं लिही. आमी दिवसभर काऊन पाणी पीत नाई, ते विचार तुह्या मालकाले."

कोकिळेला विचारायची गरजच नव्हती. तिनं लिहून घेतलं.

अहवाल सांगताना प्रभाकरराव रंगात आले. येरझाऱ्या घालत त्यांनी सांगितलं, "जेथे स्त्री कामगारास किमान सोयही उपलब्ध नाही, तेथे उत्पादनवाढीची अपेक्षा बाळगणे अन्यायाचे ठरेल." कोकिळेनं चार कार्बन घालून ते वाक्य टाइप केलं. होळीच्या आत जिनिंगवाल्यानं दोन संडास बांधले.

ती बातमी आली तेव्हा ती त्यांच्या टेबलापाशी गेली. "सर, तिथं झालं. आपल्याकडं कधी होणार?"

"घरमालक ऐकत नाही हो, कोकिळाबाई. बघू."

हे 'बघू' ती पहिल्या वर्षापासून ऐकत होती.

एप्रिलात नागपूरच्या एका महामंडळाकडून पत्र आलं. त्यांच्या सल्लागारांच्या यादीत नाव घालायचं तर कर्मचाऱ्यांची वेतन, सोयी आणि वातावरणाबाबतची मतं जोडून पाठवा. आमचा अधिकारी येऊन पाहून जाईल. प्रभाकररावांना आनंद झाला. त्यांनी जिनिंगचीच प्रश्नावली काढली, 'कामगार' खोडून 'कर्मचारी' केलं आणि चौघांना वाटली.

"अगदी मोकळेपणानं लिहा. नाव घालू नका. गुप्त राहील सगळं."

माणसं चार. अण्णाजींचं अक्षर मोडीच्या वळणाचं, रूपरावच्या पेनात हिरवी शाई, भैयाजीचं नकाशावरच्या नावांसारखं उभं अक्षर. काय गुप्त राहणार होतं कपाळ!

दुपारी चहाच्या टपरीवर मात्र तिघांनाही कंठ फुटला.

"सायकल माही, पंक्चर माहे, अन् चिखलात पडलो तं दवाखानाही माहा," रूपराव म्हणाला. "अन् म्हणे कुटुंब!"

"चार रविवार झाले, मी लेकराचं तोंड उजेडात नाई पाह्यलं," भैयाजी म्हणाला.

अण्णाजी एरवी बोलत नसत. त्या दिवशी तेही बोलले. "पोरीच्या लग्नाचे दोन दिवस कापले माहे. अन् हजेरीपटात ते मलेच मांडा लागले."

"मंग लिहा नं हे सारं," कोकिळा म्हणाली. तिघांनीही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी टाइप करायला कागद तिच्यापुढं आले. हिरव्या शाईत: वेतन, समाधानकारक. उभ्या अक्षरात: सोयी, उत्तम. मोडी वळणात: वातावरण घरच्यासारखे. तिनं कागद उलटून पाहिले, मागं तरी काही लिहिलंय का. मागं कोरं होतं.

ती तरातरा रूपरावच्या टेबलाकडे गेली. रागावली की तिच्या तोंडून सेलूची बोली यायची, कचेरीतली शुद्ध भाषा कुठल्या कुठं जायची. "हे काय लिहून राह्यले तुमी? काल टपरीवर कोण बोलून राह्यलं होतं, तुमचं भूत?"

"हळू बोल नं बाई," रूपराव आतल्या दाराकडे बघत म्हणाला. "तीन लेकरं हायेत मले."

"मले काय मांजरं हायेत?"

भैयाजीनं पट्टी उचलून उगाच पुसायला घेतली. अण्णाजींनी तर वर पाहिलंच नाही. तिला मालकापेक्षा या तिघांचाच जास्त संताप आला. मालक निदान स्वतःच्या फायद्याचं तरी करत होता!

तिनं आपला कागद पुढं ओढला. चौकटीत खूण न करता खाली सरळ लिहिलं: या कचेरीत संडास नाही. मी आठ वर्षे शेजारी जाते. शेजारच्या बाई गावाला गेल्या की मी पाणी पीत नाही. नेमणुकीचे पत्र नाही, रजा नाही. चहा माझ्या कामात धरलेला नाही, तरी मीच करते. आणि खाली सही केली, पूर्ण नावानिशी. लपवून तरी काय उपयोग होता?

संध्याकाळी प्रभाकररावांनी आत बोलावलं. ते चिडले नव्हते, दुखावले होते, आणि ते जास्त अवघड होतं.

"मी तुम्हाला धाकट्या बहिणीसारखं मानलं, कोकिळाबाई."

"हो, सर."

"मग हे मला तोंडी सांगायचं."

"सांगितलं होतं, सर. मागल्या महिन्यात. त्याच्या आधीही सांगितलं होतं."

"दुसरा कागद भरून द्या. एवढं कडू लिहू नका."

"ह्यात खोटं काय हाय, ते दाखवा. तेवढं खोडतो."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. मग म्हणाले, तीनच मतं पाठवू. गोषवारा टाइप करा, कर्मचारी तीन, तिघेही समाधानी.

"कर्मचारी चार हायेत, सर. मी नाई टाइप करत." तिनं टेबलावरचा आपला कागद उचलून घेतला.

तिला वाटलं, आता नोकरी गेली. पण मशीन चालवणारं दुसरं कोणी नव्हतं आणि अधिकारी चार दिवसांवर आलेला. दुसऱ्या दिवशी प्रभाकररावांनी स्वतः मशीनपुढं बसून दोन बोटांनी गोषवारा टाइप केला. सगळी दुपार गेली. 'समाधानी' तीन वेळा 'समधानी' झालं. कोकिळा शेजारी हात बांधून बसली होती.

अठरा तारखेला संध्याकाळी ते तिच्याशी फार गोड बोलले. "तुम्ही दमलेल्या दिसता. उद्या रजा घ्या. भरपगारी." आणि बाहेर वळून अण्णाजींना ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णाजी, यांची उद्याची भरपगारी रजा मांडा."

आठ वर्षांत पहिली रजा मिळाली, आणि तीही अधिकाऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून! एस.टी.त तिला हसावं का रडावं कळेना. सकाळी नेहमीच्या वेळेला ती घरीच बसून राहिली. सासूबाई, आनंदाबाई, दोनदा विचारून गेल्या, "जायाचं नाई का आज?" अकराला ती उठली, पातळ बदललं आणि स्टँडवर गेली.

ती कचेरीत पोचली तेव्हा नागपूरचा अधिकारी पोहे खात होता. प्रभाकररावांचा चेहरा उतरला. "कोकिळाबाई, तुमची आज रजा आहे ना?"

"हो सर. रजेवरच आली मी." तिनं पर्समधून घडी केलेला कागद काढला आणि अधिकाऱ्यापुढं ठेवला. "साहेब, मी इथली चौथी कर्मचारी. हे माझं मत."

अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. त्याला अडीचची गाडी गाठायची होती. "ठीक आहे, जोडतो," म्हणत त्यानं घडी न उलगडता कागद फाइलमध्ये सारला आणि उरलेले पोहे संपवले.

तरी परतताना तिला हलकं वाटलं. कागद नागपूरला गेला होता.

सत्तावीस तारखेला टपाल आलं. टपाल फोडायचं कामही तिचंच. महामंडळानं कचेरीचं नाव यादीत घातलं होतं. पत्रात पुढं होतं: 'भेटीत सर्व कर्मचारी समाधानी असल्याचे दिसून आले.' सोबत तिचा कागद परत आलेला, 'आवश्यकता नाही' असा शेरा बाहेरच्या बाजूला मारून. घडी तिनं घातली होती तशीच होती.

तिनं ते पत्र आवक-वहीत चढवलं. मग उठून पाणी प्यायला गेली आणि माठापाशी आठवलं, जिजाबाई आज घरी नाहीत. तिनं पेला तसाच उपडा ठेवला.

अण्णाजी हे सगळं पाहत होते.

महिनाअखेर प्रभाकरराव पगारासाठी हजेरीपट चाळत होते. कोकिळेच्या ओळीत एकोणीस तारखेला लाल शाईत 'भ. र.' लिहिलेलं दिसलं.

"हे काय अण्णाजी?"

"भरपगारी रजा, साहेब. तुमीच मांडा म्हणाले."

"अहो, ती त्या दिवसापुरती गोष्ट होती!"

"हजेरीपटात त्या दिवसापुरतं काही नसते, साहेब. एकदा चढलं का चढलं." आणि अण्णाजींनी खिशातून स्वतःचा अर्ज काढून टेबलावर ठेवला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार होतं. गिरडच्या दर्ग्याला जायला एक दिवसाची भरपगारी रजा मिळावी. संदर्भ, श्रीमती थूल यांना दिनांक एकोणीस रोजी मंजूर केलेली रजा.

रूपराव दारातून बघत होता. तो आपल्या टेबलाशी गेला आणि हिरव्या शाईनं लिहू लागला. भैयाजीनं त्याच्याकडून कोरा कागद मागून घेतला. अर्ध्या तासात तीन अर्ज झाले.

प्रभाकररावांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "कुटुंबात असे अर्ज देतात का?"

"नागपूरले कळवलं नं आपण, का सारे समाधानी हाय म्हणून?" कोकिळा म्हणाली. "ते खरं करा. नाई तं दुरुस्तीचं पत्र टाइप करतो मी. ह्या खेपेस चौघाच्या सह्या राहतीन."

बाकीच्या तिघांपैकी या वेळी कोणी खाली बघितलं नाही. प्रभाकरराव खुर्चीत मागं टेकले. उन्हात पत्रा कडकडत होता. शेवटी म्हणाले, वर्षाला सहा दिवस. अण्णाजी म्हणाले, बारा. बारावर ठरलं आणि कोकिळेनं ते तिथल्या तिथं टाइप करून सही घेतली.

संडास व्हायला आणखी चौदा महिने लागले. घरमालकाशी प्रभाकरराव बोललेच नव्हते, हे तेव्हा कळलं, घरमालक म्हणाला, "मले तं कोणी इचारलंच नाई." नेमणुकीचं पत्र तिला मिळालं, पण आठ वर्षं गाळून नव्या तारखेचं, ते तिनं दोनदा परत केलं आणि तिसऱ्यांदा जुनी तारीख घालून घेतली. रूपरावशी ती पुढं कितीतरी दिवस तुटक बोलायची. चहाची पाळी मात्र लावून घेतली, आणि भैयाजीचा चहा कोणालाच पिववेना.

रजा ठरल्यावर लगेचच, मे महिन्यात तिनं त्या बारांतला पहिला दिवस घेतला. कारण काहीच नव्हतं. अर्जात 'घरगुती काम' लिहिलं. त्या दिवशी ती मडक्यातलं पाणी पोटभर पिऊन दुपारपर्यंत झोपली. आनंदाबाई तीन वेळा कपाळाला हात लावून गेल्या, सुनेला ताप तर आला नाही ना म्हणून. चौथ्यांदा आल्या तेव्हा कोकिळा कूस बदलत म्हणाली, "काई नाई झालं मले. पगार चालू हाय. झोपू द्या."