पाणी तोडा

"भाऊजी, तुमचं रान तुम्हाला पडीक ठेवायचं तर खुशाल ठेवा. पण तुमच्या म्हाताऱ्या माझ्या मिरचीत कशाला धाडता?"

वहिनी बांधावर उभी राहून बोलत होती. म्हाताऱ्या म्हणजे तण वाळलं की उडतं ते कापसासारखं बी. सकाळपासून कोरडा वारा सुटला होता आणि डॉक्टरच्या रानातून ते बी थव्याथव्यानं उठून तिच्या पिकावर उतरत होतं. डॉक्टर पाण्याच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर बसला होता. समोर गुडघाभर तण. हातात खुरपं होतं, पण त्याला माती लागलेली नव्हती.

"नांगरतो," तो म्हणाला.

"कधी?"

"बघू."

"बघू बघू करत वर्ष गेलं. पेरायचं सुचत नसेल तर निदान कापून तरी टाका."

डॉक्टर खुरप्याची मूठ फिरवत राहिला.

हा डॉक्टर काही शिकलेला डॉक्टर नव्हे. शेतकरीच, आमच्यातलाच. पण पान उलटं करून बघितलं की झाडाला काय झालंय ते सांगायचा. बांधावरनं नुसता वास घेऊन म्हणायचा, मुळी कुजतेय. दहातल्या आठ वेळा खरं निघायचं आणि उरलेल्या दोन वेळा तो स्वतःच हसून सांगायचा, की चुकलो. म्हणून सगळा गाव त्याला डॉक्टर म्हणायचा. वहिनी त्याच्या थोरल्या चुलतभावाची बायको. नवरा मालट्रक चालवतो, महिन्यातनं चार दिवस घरी. शेती तीच बघते.

दोन वर्षांमागे डॉक्टरनं टोमॅटोचा एक नवा वाण आणला. आधी चार गुंठ्यांत लावून बघितला. फळ असं आलं की बघत राहावं. पुढच्या वर्षी त्यानं आम्हाला सांगितलं आणि आम्ही अकरा जणांनी लावला. मी त्यात होतो, वहिनी होती, शिंपीकाका होते. फळ धरायच्या वेळेला पानं वळली. सगळ्यांचा वाण एकच, त्यामुळे रोग या बांधावरून त्या बांधावर पायी चालत आल्यासारखा आला. डॉक्टर पाच दिवस या रानातून त्या रानात धावत होता. सहाव्या दिवशी आला नाही. आम्ही झाडं उपटली, ढीग केले, पेटवून दिले.

त्याला कोणी एक शब्द बोललं नाही. आम्हाला वाटलं, आधीच पोळलाय, आणखी डाग कशाला द्यायचा. तो चहाच्या दुकानात आला की आम्ही टोमॅटोचं बोलणं थांबवायचो आणि वाऱ्याचं, उन्हाचं काढायचो. त्याला डॉक्टर म्हणायचंही सोडलं, टोमणा वाटेल म्हणून. आमच्या परीनं आम्ही भलं करत होतो. त्याला मात्र वाटलं, गावानं आपल्याला टाकलं. मग तो यायचाच बंद झाला.

घरीही कोणी नव्हतं. सुनेला बाळ झालं म्हणून बायको शहरात मुलाकडे गेली होती, ती तिथंच अडकली. तीन खोल्यांत हा एकटा. एका खोलीत झोपायचा, एकीत रांधायचा, तिसरीचं दार लावलेलं. मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, आता डोकं शिणवायचं कारण नाही. पानाचा फोटो काढला की फोनच सांगतो." यानं एकदा काढला. एका फोटोला तीन उत्तरं आली. पूर्वीचा डॉक्टर असता तर तिन्हींना हसला असता. हा तिन्ही उत्तरं घेऊन संध्याकाळपर्यंत बसून राहिला. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो म्हणतात; यानं ताकाचं भांडंच पालथं घातलं होतं. दोनदा ट्रॅक्टरवाल्याला बोलावलं आणि दोन्ही वेळा वाटेवरूनच परत पाठवलं.

तर त्या दिवशी वहिनी म्हाताऱ्यांवरनं भांडून दमली आणि म्हणाली, "बरं, ते असू द्या. माझी मिरची बघायला चला."

"बी-औषधाच्या दुकानदाराला विचारा, वहिनी."

"विचारलं. त्यानं बाटली दिली. पान बघितलं नाही, रान बघितलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून बाटली दिली. मी ती फोडलेली नाही. चला."

तो उठला. बाईमाणूस उन्हात उभं राहून बोलावतंय, बसून तरी किती राहणार? मिरची भर दुपारची माना टाकून उभी होती, खालची पानं पिवळी. वहिनी म्हणाली, "दुपारी सुकते म्हणून मी रोज पाणी वाढवतेय. तरी सुकतेच."

डॉक्टरनं वाकून मूठभर माती उचलली. दाबली. बोटांतून पाणी आलं. एक रोप उपटलं आणि मुळी चिमटीत धरून ओढली, तर साल मोज्यासारखी निघून आली. त्याला कळलं. हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं, म्हणून मी सांगतोय. जास्त पाण्यानं मुळी कुजत होती, पण ते सांगायचा धीर होईना.

"मला नाही सांगता यायचं," तो म्हणाला.

"सांगता यायचं नाही, की सांगायचं नाही?"

"माझं ऐकून तुमचं एकदा गेलंय."

यावर मात्र वहिनी भडकली. आवाज चढवला नाही. बांधावर बसली आणि म्हणाली, "भाऊजी, टोमॅटो मी लावले. माझ्या हातानं. माझं डोकं मी तुमच्याकडे गहाण ठेवलं नव्हतं. तुम्ही सांगितलं, मला पटलं, मी लावलं. आणि गेलं तेव्हा रडले पण मीच. सगळ्या गावाच्या नुकसानीचे मालक तुम्ही एकटेच होऊन बसलात. आमच्या वाटणीचं तरी आम्हाला ठेवा."

डॉक्टरनं ती मुळी पुन्हा चिमटीत धरून बघितली. मग म्हणाला, "पाणी तोडा."

"किती दिवस?"

"आठ. आणि खालच्या अंगाला चर काढू. साचलेलं निघून जाईल."

"एवढ्या उन्हात?"

"एवढ्या उन्हात."

चर दोघांनी मिळून काढला. डॉक्टरच्या हाताला फोड आले, इतकी कामाची सवय मोडली होती. तिसऱ्या दिवशी मिरची आणखी झोपली. वारा तापलेला, मातीला वरून भेगा. डॉक्टर दुपारचा धावत वहिनीच्या दारात गेला. "वहिनी, पाणी सोडा. माझं चुकलं असेल."

वहिनी भांडी घासत होती. "वरची माती सुकली. खालची बघितलीत?"

"नाही."

"मी बघितली. अजून ओली आहे. मी पाणी सोडणार नाही. जा, जेवून घ्या."

तो गेला, पण जेवला नाही. पुढचे पाच दिवस रोज दुपारी तिच्या बांधावर उभा असायचा. एकदा मी वाटेनं जाताना बघितला. हाक मारावी वाटलं. मारली नाही.

आठव्या दिवशी भर उन्हात वरच्या अंगाची झाडं ताठ उभी होती. एक उपटून बघितलं तर जुन्या मुळीला पांढऱ्या नव्या मुळ्या फुटल्या होत्या. खालच्या चार ओळी मात्र मेल्या. त्या वहिनीनं उपटून बांधावर टाकल्या आणि त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर चहाच्या दुकानात आला. आम्ही पाच-सहा जण होतो. बोलणं थांबलं. कोणीतरी वाऱ्याचं काढणार, तेवढ्यात तोच उभ्या उभ्या म्हणाला, "वहिनीच्या मिरचीच्या चार ओळी गेल्या. पाणी मी तोडायला सांगितलं होतं. बाकीची वाचली." मग बाकावर बसला. "टोमॅटोचं तुम्ही कोणी कधी बोलला नाहीत. आज बोला."

कपाकडे बघायला सगळ्यांना बरं पडलं. मग शिंपीकाका बोलले. शिलाईपेक्षा रानात जीव असलेला माणूस, वय साठीच्या पुढे.

"मी काय बोलू? त्यानंतर मी पेरलंच नाही. रोज सकाळी रानात जातो, बसतो, परत येतो. घरी सांगतो, मशागत चाललीय."

कोणी हसलं नाही. मला माझंच आठवलं. दुकानदार देईल ते बी, तो सांगेल तो दिवस, तो देईल ती बाटली. माझ्या रानात काय लावलंय असं कोणी विचारलं, तर वर्षभर मी आधी पाकिटावरचं नाव आठवायचो. हे मी तेव्हा बोललो नाही. आज बोलतोय.

"काका, माती उकरून बघितलीत?" डॉक्टरनं विचारलं.

"नाही."

"का?"

"भीती वाटते रे."

"मलाही वाटते," डॉक्टर म्हणाला. चहा संपवला आणि उठला. "चला, दोघं बघू. मला कळेलच असं नाही."

ते दोघं उन्हातून निघाले. काका पुढं, हा मागं. मी थोडा वेळ बसलो. त्यांच्यासोबत जावंसं वाटत होतं, पण माझ्या रानाची वाट दुसरीकडे जाते. मी घरातून कुदळ घेतली आणि तिकडे गेलो.