शंख टाकलेली गोगलगाय

त्याने दाराजवळचं स्टूल लाथेनेच बाजूला सारलं आणि मुलीचे दोन्ही खांदे धरले.

“कडी तू काढलीस?”

“हो.”

“आजोबा कुठे गेले?”

“खाली.”

त्याच्या वडिलांना आताशा स्वतःचं घरही आठवत नसे. मागच्या वेळी ते भर रस्त्यात, गाड्यांच्या मधोमध सापडले होते. तेव्हापासून कडी उंच बसवली होती, कारण त्यांचे हात खांद्याच्या वर जात नव्हते. बायको दुकानांकडे धावली. त्याने मुलीला कडेवर घेतलं आणि चपला न घालताच मोठा रस्ता गाठला. कुठे करकचून ब्रेक लागला की तो तिकडे धावे.

सकाळी मात्र त्याची स्वारी भलतीच खुशीत होती. कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या या गृहस्थाला मुलीच्या कार्टूनमध्येही अध्यात्म सापडायचं. साबणाच्या जाहिरातीतही याला आत्मा दिसेल, असं मेहुणा चिडवायचा. आजच्या भागात गोगलगायीने शंख टाकला, तिला पंख फुटले आणि ती टेकडीवरून उडून गेली. मग काय, याने मुलीला मांडीवर घेऊन समजावलं, शंख म्हणजे ओझं, ते टाकलं की आतला जीव सुटतो. ती डोळे मोठे करून ऐकत होती. आणि संध्याकाळी तिने कडी काढली. कोंडलेल्या आजोबांना आपण सोडवतोय, असंच वाटलं असणार तिला. आपल्याच शहाणपणाने घात केला, या विचाराने त्याला भर रस्त्यात रडू यायचं तेवढं बाकी होतं.

वडील बसथांब्याच्या बाकावर बसलेले दिसले. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. तो त्यांच्या शेजारी मटकन बसला. बायकोला फोन करून ‘सापडले’ एवढंच कसंबसं म्हणाला.

“अगं, आजोबा म्हणजे काही गोगलगाय नाहीत,” धाप आवरत तो मुलीला म्हणाला. “असं कुणाला सोडून द्यायचं नसतं.”

“मला माहितीये. गोगलगाय तू आहेस.”

“मी?”

“तूच मामाला फोनवर म्हणालास ना, हे ओझं आता झेपत नाही म्हणून?”

ती चांगली खणखणीत आवाजात बोलली होती. त्याला मान वर करवेना. वडिलांनी ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. ते समोरच्या गाड्या बघत होते. थोड्या वेळाने त्याने त्यांचा हात धरला, तसे ते मुकाट्याने उठले.

घराच्या दारात मात्र वडील बाहेरच थबकले. आत डोकावून पाहिलं, सदऱ्याची बटणं नीट केली आणि परक्या माणसाशी बोलावं तशा अदबीने त्याला म्हणाले,

“साहेब, आजची रात्र इथे राहिलो तर चालेल का? तुमची काही अडचण तर नाही ना?”

बाबा काय म्हणतो ते ऐकायला मुलगीही थांबली होती.